व्हिडिओ लावा, पण मध्येच थांबवा

मोबाईल हाताळत वाढलेली मुलं वर्गात व्हिडिओ लावला की गप्प बसतात. ते गप्प बसणं म्हणजे लक्ष देणं, असं मात्र समजू नका. म्हणून ५ मिनिटांचा व्हिडिओ सलग दाखवायचाच नाही. समजा, ताटलीत पाणी आहे, मध्ये पेटती मेणबत्ती आणि वरून काचेचा ग्लास उपडा येतोय. ग्लास टेकण्याआधीच पॉज करा आणि सांगा, "आता काय होईल ते वहीत एका ओळीत लिहा." हात वर करायला लावू नका, नाहीतर नेहमीचे चौघेच बोलतात. मेणबत्ती विझणार हे बरेच जण लिहितील. पाणी ग्लासात वर चढेल, हे क्वचितच कुणी. पुढे चालवलं की अंदाज चुकलेल्यांची चुळबुळ बघण्यासारखी असते. ‘असं का?’ हे मग तुम्हाला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन बंद ठेवून त्याच प्रयोगाची आकृती आठवणीतून काढायला सांगा. "गूगलवर आहे की!" असं कुणीतरी ऐकवेलच. शोधू द्या खुशाल, पण स्वतःची काढून झाल्यावर. आणि कुठे चुकलं ते लाल पेनाने त्यांचं त्यांनाच दाखवू द्या.