फोटोत खोली (डेप्थ) आणताना या चुका टाळा

फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट'ने माणूस निवडायचा, 'इन्व्हर्स'ने निवड उलटी करायची, मागचं सगळं 'गॉशियन ब्लर'ने सरसकट धूसर करायचं. झालं! एवढ्यावर फोटोत खोली आली असं समजणारे रोज भेटतात. माणूस कात्रीने कापून पडद्यावर चिकटवल्यासारखा दिसतो, आणि वर 'डीएसएलआर लुक' म्हणून मिरवतात. अहो, लेन्सला सब्जेक्ट कोण ते कळत नाही. तिला फक्त अंतर कळतं.

पाडव्याच्या स्वागतयात्रेतला एक फोटो एका मुलाने प्रिंटसाठी आणला होता. ठाण्यातल्या तलावपाळीचा रस्ता, नऊवारी नेसून फेटा बांधलेली मुलगी, हातात ध्वज, शेजारी खांद्याला खांदा लावून ढोल वाजवणारी मैत्रीण. मूळ फोटो सुरेख. पण सॉफ्टवेअरने मुलगी निवडली आणि ढोलवालीला गर्दीत ढकललं. दोघींची पावलं एका रेषेत, एकीची कोरीव, दुसरीची धुक्यात. ध्वजाची काठी मुठीच्या वर वीतभर टिकली, पुढे विरघळली. फेट्याचा केशरी रंग मागे झिरपून डोक्याभोवती प्रभावळ तयार झाली. मोबाईलवर कुणाच्या लक्षात आलं नाही. १२ बाय १८ची प्रिंट हातात आल्यावर मुलीच्या आईने विचारलं, "हिच्या नथीचे मोती कुठे गेले?" यावर पठ्ठ्या मला म्हणतो, "सर, ब्लर थोडा कमी करू का?"

ब्लर कमी-जास्त करून हे सुटत नाही. मी आधी वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवर, अंतराचा राखाडी नकाशा रंगवतो: जितकं अंतर, तशी राखाडीची छटा. जमिनीला पावलांपासून मागे जाणारा ग्रेडियंट. उभ्या वस्तूला मात्र एकच सपाट राखाडी, ती जमिनीला जिथे टेकते तिथली. म्हणजे ढोलवाली आपोआप मुलीच्या बरोबरीने येते. मग लेन्स ब्लर या खऱ्या लेन्ससारखं धूसर करणाऱ्या फिल्टरमध्ये हा चॅनेल डेप्थ मॅप (अंतराचा नकाशा) म्हणून द्यायचा. प्रभावळ टाळायला फोटोच्या दोन लेयर (थर) करून मागच्या लेयरवरून माणूस थोडी जास्त कड धरून पुसायचा, ती जागा क्लोन स्टँपने, म्हणजे शेजारचाच भाग उचलून, भरायची, मगच तो लेयर ब्लर करायचा आणि माणूस वर ठेवायचा. काठी, नथ, केसांच्या बटा मी छोट्या ब्रशने हाताने करतो. वेळ लागतो. लागू दे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे डीहेझ, फोटोतला धुरकटपणा काढणारा स्लायडर. घोडबंदर रोडवरून येऊरच्या बाजूचे डोंगर बघा. दमट हवेत मागची रांग फिकट, निळसर दिसते. त्या फिकटपणावरूनच डोळ्याला अंतर कळतं. लोक तो स्लायडर उजवीकडे ओढून डोंगर काळाकुट्ट करतात, आणि मग खोली हवी म्हणून त्यावर ब्लर मारतात! फुकट मिळालेलं आधी घालवायचं, मग त्याच्यासाठी धडपडायचं. डीहेझ द्यायचाच तर जवळच्या झाडांना आणि इमारतींना, मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून. मागच्या रांगेला उलट कर्व्हचं (उजेड-अंधार बदलणाऱ्या आलेखाचं) खालचं डावं टोक किंचित वर उचला, म्हणजे काळं फिकट होतं.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या फोटोंवर एक वेगळीच चूक दिसते. पक्षी कोरीव आणि खालचं प्रतिबिंब 'पाणी' म्हणून ब्लर. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटलेलं नसतं. लेन्सच्या हिशेबात ते जवळपास पक्ष्याइतकंच लांब असतं. लाटांनी हललं तर हललं, बाकी तुम्ही हात लावू नका. शिवाय मोठ्या टेलिफोटोने काढलेल्या फोटोत मागची कांदळवनं बहुतेकदा आधीच विरघळलेली असतात, तिथे आणखी काय ब्लर करायचंय?

पाम बीच रोडवरचे रात्रीचे दिवे गॉशियनने नुसते फासले जातात. लेन्स ब्लर वापरा, दिव्यांच्या गोल चकत्या येतील. मळकट दिसल्या तर त्या फिल्टरमधलं स्पेक्युलर हायलाइट (लखलखत्या ठिपक्यांची चमक) वाढवा. फोकसच्या अलीकडचं, म्हणजे कॅमेऱ्याजवळचं रेलिंग किंवा फांदीसुद्धा ब्लर व्हायला हवी, ती बहुतेक सगळे विसरतात. फोनच्या पोर्ट्रेट मोडमधून आलेल्या, म्हणजे आधीच ब्लर झालेल्या फोटोला पुन्हा ब्लर नकोच, मूळ फोटो मागवा. आणि ब्लरमध्ये नॉइज, म्हणजे फोटोतला बारीक दाणा, पुसला जातो, त्यामुळे माणूस दाणेदार आणि भिंत गुळगुळीत दिसते. शेवटी मागच्या लेयरवर थोडा एकरंगी नॉइज परत घाला, शंभर टक्के झूम करून, माणसाच्या दाण्याशी जुळेल इतकाच.