पुण्याहून कोकणात निघताना: बाळाची कार सीट गाडीच्या बेल्टने घट्ट कशी बसवावी

कार सीट घेताना लोक पंधरा दिवस रंग आणि कपहोल्डर बघत बसतात. बसवायचं काम मात्र निघायच्या सकाळी, डिकीत बॅगा भरता भरता उरकतात. आदल्या संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवा. सीट आणि गाडी या दोन्हींची मॅन्युअल हाताशी असू द्या. गाडी सपाट जागेवर उभी करा, सोसायटीच्या उतारावर नको.

"मी मांडीवर घेऊन बसते ना" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या वस्तूवर आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचं बाळ साधारण 110 किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. एवढं वजन कोणाच्याही हातांत धरून ठेवता येत नाही. शिवाय 2019 सालच्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटविना बसवलं तर 1000 रुपये दंड आहे. हा विषय घरात निघण्याच्या आधीच मिटवा, गाडीत बसल्यावर नको.

जागा मागच्या सीटवर. पुढे एअरबॅग चालू असताना पाठमोरी सीट, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेली, कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली की ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. आयसोफिक्स, म्हणजे कार सीट बेल्टशिवाय थेट अडकवायची गाडीतली लोखंडी कडी, असेल तर काम सोपं आहे: दोन्ही बाजूंना हिरवी खूण दिसेपर्यंत दाबा, मग आधाराचा पाय किंवा वरचा पट्टा, जे असेल ते लावा. खरं अडतं ते बेल्टने बसवताना. भाड्याची गाडी किंवा टॅक्सी असली की बहुतेक वेळा बेल्टच वापरावा लागतो.

सगळ्यात आधी सीट कव्हर बघा. आपल्याकडे रेक्झिनची कव्हरं इतकी घट्ट चढवलेली असतात की मागच्या सीटची बकलं त्यांच्याखाली गडप होतात. फटीत हात घालून बकल वर काढा. ज्या बाजूच्या बेल्टची पत्ती त्यात क्लिक होते, तेच आपलं बकल. गुळगुळीत कव्हरावर कार सीट वळणावर सरकते, म्हणून निदान तेवढ्या जागेचं कव्हर काढलेलं उत्तम. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला फक्त कमरेचा बेल्ट असतो. तीन टोकांचा, म्हणजे कमर आणि खांदा दोन्हींवरून जाणारा, बेल्ट मागणारी कार सीट तिथे लावू नका.

आता बेल्ट ओवायचा. युरोपीय नियमांनुसार बनलेल्या बऱ्याच सीटवर पाठमोरीसाठी निळ्या आणि पुढे तोंड करून बसवण्यासाठी लाल खाचा असतात. एकाच सीटवर दोन्ही रंग असले तर चुकायला वेळ लागत नाही. पिळलेला बेल्ट ओवू नका. हाताने पूर्ण लांबी सपाट करत न्या.

यापुढची पायरी सगळ्यांत अवघड आहे, आणि इंटरनेटवरचा सल्ला सगळ्यांत जास्त इथेच फसवतो. अमेरिकेतल्या व्हिडिओत सांगतात की बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, मग तो आपोआप लॉक होऊन आतच जात राहील. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या बेल्टला ही सोय नसते. आपला बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा ढिला होतो. तो पूर्ण बाहेर ओढून "लॉक झाला" असं समजून निघालात, तर ताम्हिणीच्या पहिल्या वळणाला सीट एका अंगाला कलंडेल.

म्हणून ताण आपल्यालाच द्यायचा आणि आपल्यालाच अडकवायचा. बेल्ट क्लिक करा. सीट पुढे तोंड करून असेल तर बाळ बसतं तिथे एक गुडघा टेका आणि अंगाचा सगळा भार टाका. पाठमोरी असेल तर गुडघा नको, दोन्ही तळव्यांनी खाली आणि गाडीच्या सीटच्या पाठीकडे रेटा. भार तसाच ठेवून आधी कमरेचा भाग बकलच्या दिशेने खेचा. सुटलेला सैलपणा खांद्याच्या भागात येईल, तो वर खेचून बेल्ट गुंडाळणाऱ्या चकरीत जाऊ द्या. हा क्रम उलटला की कमरेवरचा ढिलेपणा आतच अडकून राहतो आणि वरून बेल्ट घट्ट दिसतो. दोन-तीनदा असं खेचा, आणि भार न काढता लॉक-ऑफ, म्हणजे बेल्ट दाबून धरणारा सीटवरचा चिमटा, बंद करा. आधी गुडघा उचलून मग चिमटा लावला तर सगळी मेहनत वाया जाते. दुसरं माणूस मदतीला असेल तर एकाने दाबायचं, दुसऱ्याने खेचायचं. नवी सीट घेताना तिला असा चिमटा आहे का, हे कपहोल्डरच्या आधी बघा.

मग तपासणी. बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरा आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा बसवा. माथ्याकडून धरून हलवू नका. पाठमोरी सीट वरच्या टोकाला थोडी हलणारच, त्यावरून काही ठरत नाही. बकलही बघा. ते सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं टेकलं असेल तर दाब पडून उघडू शकतं. कितीही खेचलं तरी ते नीट बसणार नाही, जागा बदला.

पाठमोऱ्या सीटवरची कलाची रेघ जमिनीला समांतर हवी. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर पडत असेल तर श्वासाला अडथळा येतो. तेव्हा सीट जास्त कलती करा.

बाळाला बसवताना खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वरून यायला हवेत. पट्टा घट्ट केल्यावर गळपट्टीच्या हाडाजवळ तो बोटांच्या चिमटीत धरून बघा. घडी पकडता आली तर अजून सैल आहे. आजीने दिलेली गोधडी बाळाच्या खाली किंवा पाठीमागे घालू नका, डिसेंबरात महाबळेश्वरला जात असाल तर जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका. आधी पट्टे, मग वरून पांघरूण.

पौडला चहाला थांबाल तेव्हा चहाआधी सीट पुन्हा हलवून बघा. गाडीच्या सीटचा फोम दबतो आणि रात्री घट्ट असलेला बेल्ट सकाळी थोडा सुटतो. दूध पाजायचं तर गाडी थांबवून, बाळाला बाहेर काढून. दूध पाजून लगेच ताम्हिणीची वळणं घेऊ नका, पाजायचं ते मुळशीच्या अलीकडे किंवा थेट माणगावला. दर दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून आडवं करा, अगदी तान्हं असेल तर त्याहून लवकर.

दिवेआगरला उन्हात गाडी लावताना सीटवर पांढरा पंचा टाकून जा, नाहीतर कार सीटच्या पट्ट्यांच्या बकलचं लोखंड बाळाच्या मांडीला चटका देतं. पुन्हा बसवण्याआधी ते आपल्या मनगटाला लावून बघा. समुद्रावरून आलेल्या बाळाच्या कपड्यांतली वाळू झटकून मगच पट्टे लावा. वाळूचे चार कण बकलमध्ये गेले तरी पत्ती अर्धीच बसते. तेल किंवा ग्रीस घालू नका. मॅन्युअल परवानगी देत असेल तर बकल कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या आणि परतीला निघण्याआधी पाच-सहा वेळा लावून-काढून बघा. दर वेळी क्लिक स्पष्ट ऐकू आलाच पाहिजे.