‘टू’ लावायचा की ‘आयएनजी’?

‘मला पोहायला आवडतं’ आणि ‘मला पोहायला शिकायचंय’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पोहायला’ पुरतं. इंग्रजीत मात्र पहिल्याचं ‘आय एन्जॉय स्विमिंग’ होतं आणि दुसऱ्याचं ‘आय वाँट टू लर्न टू स्विम’. ‘-यला’ आलं की ‘टू’ लावून मोकळं व्हायचं, ही सवय बहुतेक चुकांच्या मुळाशी असते. मराठी रूप विसरा आणि आधी कोणतं इंग्रजी क्रियापद आलंय ते बघा.

एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय, सजेस्ट, पोस्टपोन, गिव्ह अप यांच्यापुढे जेरंड, म्हणजे आयएनजीचं रूप येतं. वाँट, डिसाइड, होप, अग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज, अफोर्ड यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘पुढे करायच्या गोष्टीला टू’ हा नियम बऱ्याचदा शिकवला जातो, पण सजेस्ट आणि पोस्टपोन तो लगेच मोडतात. त्यामुळे याद्या घोकण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद एका वाक्यासकट पाठ केलेलं बरं. बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांना दोन्ही चालतं. फक्त दोन आयएनजी शेजारी येऊ देत नाहीत, म्हणून ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’.

सजेस्टची आणखी एक खोड आहे. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे चूक. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ म्हणा, नाहीतर क्रियापदच बदला: ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो’.

प्रीपोझिशननंतर, म्हणजे अ‍ॅट, विदाउट अशा शब्दांनंतर, क्रियापद आलं तर ते जेरंडच: ‘गुड अ‍ॅट ड्रॉइंग’, ‘विदाउट आस्किंग’. खरी फसगत होते ती ‘टू’ हेच प्रीपोझिशन असतं तेव्हा. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं कितीतरी ईमेलांत दिसतं. तिथे ‘मीटिंग यू’ हवं. ओळखायचं कसं? ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे पूर्ण वाक्य झालं, म्हणजे पुढे जेरंड. ‘आय वाँट टू इट’ होत नाही, म्हणजे इन्फिनिटिव्ह. याच कसोटीने ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ (पूर्वी चालवायचो) आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ (चालवायची सवय आहे) हेही वेगळे करता येतात.

काही क्रियापदांत रूप बदललं की अर्थच बदलतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने सिगारेट सोडली. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे सिगारेट ओढायला तो थांबला. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस. फर्गेटचंही तसंच. ट्रायमध्ये फरक बारीक आहे: ‘ट्राय टू ओपन इट’मध्ये उघडेल की नाही शंका असते, तर ‘ट्राय रीस्टार्टिंग इट’मध्ये रीस्टार्ट करणं सोपंच असतं, त्याने काम होतंय का एवढंच बघायचं असतं.

मेक आणि लेटला दोन्ही नकोत: ‘शी मेड मी वेट’. पण पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, मेकबरोबर ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’.

हेतू सांगताना ‘-साठी’चं ‘फॉर’ करू नका. ‘आय केम फॉर मीटिंग यू’ नव्हे, ‘आय केम टू मीट यू’. वस्तूचा उपयोग सांगताना मात्र फॉर आणि जेरंड बरोबर ठरतं: ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’.