आवडत्या प्राण्यावर इंग्रजीत दोन मिनिटं कसं बोलावं

‘माय फेव्हरिट अ‍ॅनिमल इज डॉग. इट हॅज फोर लेग्ज.’ निबंधाच्या वहीतली ही वाक्यं सगळ्यांना पाठ असतात, आणि चौथ्या वाक्याला गाडी अडते. अडते ती इंग्रजीमुळे कमी, मजकूर नसल्यामुळे जास्त. चार पाय म्हशीलाही असतात. म्हणून ज्याच्याबद्दल मराठीत सहज पाच मिनिटं बोलता येईल असा प्राणी निवडा, मग तो उंदीर का असेना. इथे हत्ती घेऊ.

कागदावर वाक्यं लिहू नका. लिहिलं की ते वाचलंच जातं. फक्त दहा-बारा शब्द टिपा: सोंडेला ट्रंक, सुळ्याला टस्क, कळपाला हर्ड, पिल्लाला काफ. काफच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, उच्चारात नाही.

दिसणं, राहणं आणि खाणं अर्ध्या मिनिटात उरका. उरलेला वेळ एखाद्या सवयीला किंवा विशेष गोष्टीला द्या. हत्तींच्या कळपाचं नेतृत्व वयस्कर मादी करते, गर्भ सुमारे 22 महिने पोटात वाढतो, आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा असतो तर आफ्रिकी हत्तीच्या टोकाला दोन. असा एक तपशील हाताशी असला की ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’ हे शब्द आपोआप लागतात, आणि बोलणं यादीसारखं वाटत नाही. शेवटी तो का आवडतो ते सांगा.

आता मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून दोन मिनिटं बोला. अडलात तरी थांबवू नका. सोंडेचा शब्द आठवला नाही तर ‘इट्स लाँग नोज’ म्हणून पुढे जा. मग तोच मजकूर दीड मिनिटात, नंतर एका मिनिटात सांगा. शब्द आधीच सापडलेले असल्यामुळे मधले ‘अं... अं...’ गळतात. मात्र वेळ कमी झाला म्हणून भरधाव सुटू नका, मिनिटाला शंभरेक शब्द पुरेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागातही विषय मिळाल्यावर विचाराला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ असतो, तेव्हा हाच सराव तिथे कामी येतो.

रेकॉर्डिंग ऐकताना एका वेळी एकच चूक धरा. सगळ्या धरल्या तर दुसऱ्या दिवशी तोंडच उघडत नाही.

सगळ्यात आधी अनेकवचन. ‘मला कुत्रा आवडतो’ हे मराठीत बरोबर. इंग्रजीत ‘आय लाइक डॉग’ म्हटलं तर कुत्र्याचं मांस आवडतं असा अर्थ निघू शकतो. ‘आय लाइक डॉग्ज’ म्हणा. एकाच प्राण्याबद्दल बोलताना ‘अ’, ‘अ‍ॅन’ किंवा ‘द’ सुटतो, कारण मराठीत तसं काही नाहीच.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘एलिफंट इट इज हॅविंग ट्रंक’ नको, ‘अ‍ॅन एलिफंट हॅज अ ट्रंक’. नेहमीची सवय सांगताना ‘इट इज ईटिंग ग्रास’ चालत नाही. ‘इट ईट्स ग्रास’. तो शेवटचा ‘स’ ऐकू आला पाहिजे.

मराठीतला ‘च’ही डोकावतो: ‘इट इज ग्रे ओन्ली’. इथला ‘ओन्ली’ सरळ गाळा. खार आणि मुंगी आपल्याकडे ‘ती’, म्हणून तोंडातून ‘शी’ निघतं. इंग्रजीत सर्वसाधारणपणे ‘इट’, आणि घरातल्या, नाव ठेवलेल्या प्राण्याला ‘ही’ किंवा ‘शी’. विशेषणांत आकार आधी, रंग नंतर: ‘अ बिग ग्रे एलिफंट’.

उच्चारात देवनागरी लेखनच फसवतं. आपण ‘व्हेल’ लिहितो, पण त्या माशासारख्या दिसणाऱ्या सस्तन प्राण्याचं नाव घेताना दात ओठाला लावायचे नाहीत, ओठ गोल करायचे.

तीन-चार दिवसांनी कुणाला तरी समोर बसवा आणि मध्येच प्रश्न विचारायला सांगा. ‘हाउ बिग इज इट?’, ‘इज इट डेंजरस?’ पाठांतर असेल तर पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. तसं झालं तर प्राणी बदला, आणि या वेळी टिपणात फक्त पाच शब्द ठेवा.