प्रादेशिक हवामान प्रारूपे वापरताना या चुका टाळा

हवामान प्रारूप म्हणजे संगणकावर केलेली हवामानाची नक्कल; त्यात भूभाग चौकटींत विभागलेला असतो. जागतिक प्रारूपाची चौकट साधारण १०० ते २०० किलोमीटरची, तर एकाच प्रदेशापुरत्या प्रादेशिक प्रारूपाची ५०, २५ किंवा १२ किलोमीटरची. नकाशात डोंगर, किनारा, दऱ्या दिसू लागतात आणि आकड्यांवर लगेच विश्वास बसतो. पण प्रादेशिक प्रारूपाला सीमेवरून वारा, तापमान आणि बाष्प पुरवते ते जागतिक प्रारूपच. त्यातला वाऱ्याचा मुख्य प्रवाह भलत्याच अक्षांशावर असेल, तर तो दोष आत शिरतो आणि बारीक चौकटीत फक्त अधिक रेखीव दिसतो.

म्हणून पाच प्रादेशिक प्रारूपे घेतली, पण पाचही एकाच जागतिक प्रारूपावर चालवलेली, तर अनिश्चिततेचा अंदाज फारच तोकडा येतो. निकाल जुळतात, कारण मूळ एकच असते. कॉर्डेक्स या प्रादेशिक प्रारूपांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात जागतिक आणि प्रादेशिक प्रारूपांच्या वेगवेगळ्या जोड्यांचे निकाल मिळतात. निवडताना जागतिक प्रारूपे किती वेगळी आहेत ते आधी मोजा.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते. प्रारूपातले १९९८ साल आणि हवामान केंद्रावर मोजलेले १९९८ साल शेजारी ठेवून 'प्रारूप चुकले' असे म्हणतात. जागतिक प्रारूपावर चाललेल्या धावेतले (एका सलग गणनेतले) हवामान तिचे स्वतःचे असते, खऱ्या वर्षांशी तिचा मेळ नसतो. तुलना करायची ती ३० वर्षांच्या सरासरीची, टोकाच्या घटनांच्या वारंवारितेची. वर्षावार पडताळणी हवी असेल, तर ईआरए-इंटेरिमसारख्या पुनर्विश्लेषणावर (प्रत्यक्ष निरीक्षणे प्रारूपात मिसळून मांडलेल्या मागच्या हवामानावर) चालवलेली मूल्यमापन धाव घ्या.

पावसाच्या दुरुस्तीत, म्हणजे प्रारूपाचे आकडे मोजमापांशी जुळवून घेण्यात, घाई नको. बहुतेक प्रारूपांत रिमझिम पावसाचे दिवस प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात. त्यामुळे कोरड्या दिवसांची सलग मालिका तुटते आणि दुष्काळ सौम्य भासतो. दिवसाला १ मिलिमीटरसारखा उंबरठा ठरवून आधी पावसाळी दिवस मोजा, मगच कमी-जास्त पावसाचे वितरण मोजमापांशी जुळवा. दुरुस्ती ज्या वर्षांवर बसवली त्याच वर्षांवर तपासली, तर ती चांगलीच दिसणार. काही वर्षे बाजूला ठेवा. दुरुस्तीनंतर भविष्यातला बदल मूळ प्रारूपापेक्षा वेगळा येत असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तापमान आणि पाऊस स्वतंत्रपणे दुरुस्त केल्यास दोघांमधला संबंधही बिघडू शकतो, आणि पीक किंवा बर्फवितळ यांच्या हिशेबात तो संबंधच महत्त्वाचा असतो.

आकडे अगदीच विचित्र आले, तर आधी साध्या गोष्टी पाहा. पाऊस बहुधा प्रतिसेकंद किलोग्रॅम प्रतिचौरस मीटरमध्ये असतो. रोजच्या मिलिमीटरसाठी ८६,४०० ने गुणा. तापमान केल्व्हिनमध्ये असते. काही प्रारूपांचे वर्ष ३६० दिवसांचे, काहींचे लीप वर्षाविना ३६५ चे; तारखा न जुळवता नदीच्या प्रवाहाचे प्रारूप चालवले, तर ऋतू हळूहळू सरकत जातात. काही प्रारूपांत चौकटींचे जाळे ध्रुव सरकवून आखलेले असते; अशा फिरवलेल्या ध्रुवाच्या चौकटीत वाऱ्याचे घटक खऱ्या पूर्व-उत्तर दिशांत बदलून घ्यावे लागतात. आणि क्षेत्राच्या कडेच्या काही चौकटी वगळा, तिथे सीमेची माहिती मिसळत असते.