गाडीचं दार डाव्या हाताने उघडा

ठाण्यात गोखले रोडला किंवा राम मारुती रोडला गाडी कडेला लावली की ड्रायव्हर सवयीने दार ढकलतो आणि मागून येणारा बाइकवाला थेट दारावर. उपाय फुकटचा आहे.

१. हँडल जवळच्या उजव्या हाताने नाही, डाव्या हाताने ओढायचं, म्हणजे आपोआप खांदा वळतो, मान मागे जाते आणि आरशात न दिसलेली स्कूटर पण दिसते.
२. आधी बोटभर फट, मग पूर्ण दार.

डावीकडे बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा, कारण रिक्षा डावीकडून पण घुसतातच, ठाणेकरांना हे काय सांगायचं!

मागे लहान पोरं असतील तर चाइल्ड लॉक लावूनच ठेवा, दार मोठ्यांनी बाहेरून उघडायचं, तेही फुटपाथच्या बाजूचं.