गावातल्या फौजी आबांच्या आठवणी रेकॉर्ड कशा करायच्या: अमेरिकेतल्या साध्या शिपायांच्या मुलाखती ऐकून सुचलेलं

आपल्या खान्देशात बहुतेक गावांत एखादा तरी फौजी आबा असतोच, पारावर नाहीतर ओट्यावर बसलेला, आणि १९७१ ला जो वीस-बावीसचा पोरगा होता तो आज सत्तरीच्या पार गेलाय. म्हणून सरळ सांगतो, येत्या आखाजीला घरी जाल तेव्हा मोबाईल काढून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

अमेरिकेत हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालंय. २००० साली तिथल्या संसदेने कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेस या संसदेच्या ग्रंथालयाकडे माजी सैनिकांच्या आठवणी जमवायचा व्हेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्ट सोपवला, आणि आज तिथे लाखाच्या वर सैनिकांच्या आठवणी जमा आहेत, त्यातल्या कितीतरी घरबसल्या फुकट ऐकता येतात. मुलाखती घेणारे बरेचसे साधे लोक, कोणाचा नातू, कोणाची शेजारीण, शाळेतली दहावी आणि त्यावरची पोरं सुद्धा. अटी मोजक्याच. रेकॉर्डिंग कमीत कमी ३० मिनिटांचं पाहिजे आणि त्यात कापाकापी करायची नाही. ही दुसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण माणूस मध्येच थांबतो, खोकतो, विषय सोडून भलतीकडे जातो आणि तिथूनच खरी गोष्ट निघते.

आणि कोणी म्हणेल की सरकारकडे सगळं लिहिलेलं असतंच की, तर १२ जुलै १९७३ ला अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळच्या सरकारी रेकॉर्ड ऑफिसला आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या तर साधारण ८० टक्के. कॉपी नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. त्यानंतर खूप घरांमध्ये आजोबांचं युद्ध म्हणजे आजोबा जे बोलले तेवढंच उरलं.

आता विचारायचं काय. पहिल्याच वाक्याला "आबा, लढाईचं सांगा ना" असं म्हणू नका, आबा पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं चार वाक्यं बोलतील आणि गप्प होतील. भरतीपासून सुरू करा. भरतीला कोणासोबत गेले, घरी सांगून गेले की न सांगता, भुसावळहून गाडीने निघाले तेव्हा स्टेशनवर कोण आलं होतं. मग ट्रेनिंग, मग जेवण. जेवणावर तर जास्त वेळ द्या. अमेरिकन शिपाई दुसऱ्या महायुद्धातल्या के-रेशनच्या, म्हणजे लढाईवर मिळणाऱ्या तयार जेवणाच्या खोक्याबद्दल जेवढं बोलतात तेवढं मेडलबद्दल बोलत नाहीत, त्यात बिस्किटं किती कडक होती, सिगारेटी कोणाला देऊन कोणाकडून काय घ्यायचे, सगळं आठवतं त्यांना. आबांशी घरात अहिराणी बोलत असाल तर प्रश्नही अहिराणीतच टाका, "आबा, तठे खावाले काय भेटे?" आणि मग बघा कळण्याची भाकरी आणि भरितावाचून दिवस कसे काढले ते कसं भडाभडा बाहेर येतं.

थंडीचं नक्की विचारा. १९५० च्या हिवाळ्यात कोरियात चोसिन तलावापाशी लढलेले अमेरिकन सांगतात की पारा शून्याखाली तीसच्या आसपास, डब्यातलं जेवण गोठलेलं, आणि मलमपट्टी करणारे जवान मॉर्फिनच्या ट्यूबा तोंडात धरून वितळवायचे. आता आपला जळगावचा माणूस, पंचेचाळीस डिग्रीत वाढलेला, पहिल्यांदा लडाखला उतरला तेव्हा त्याने काय केलं, पायमोजे किती घातले, हात कशाने शेकले, हे त्याच्या तोंडून ऐकायला नको का?

पत्रांचं पण विचारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांची व्ही-मेल होती, सैनिकाचं पत्र मायक्रोफिल्मवर घेऊन पाठवायचे आणि पोचल्यावर छापून द्यायचे, आणि साध्या शिपायाचं पत्र त्याचाच अधिकारी आधी वाचायचा, त्यामुळे बायकोला काय लिहायचं असा प्रश्न पडायचा. आपल्याकडे ५६ एपीओ या फौजी पोस्टाच्या पत्त्यावर आंतरदेशीय जायचं. आबांना सांगा ट्रंक उघडायला, जुनी पत्रं, फोटो, डिस्चार्ज बुक समोर असलं की बोलणं आपोआप चालू होतं. आणि आजींना बाजूला ठेवू नका, तार आली की घरात काय व्हायचं हे फक्त त्यांनाच माहीत आहे, त्यांचं वेगळं रेकॉर्डिंग करा.

घरी परत येण्याचं लोक विचारतच नाहीत. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातली लढाई थांबली तेव्हा अमेरिकन आर्मीत पॉइंट मोजायचे, नोकरीच्या दर महिन्याला एक, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, मेडलचे पाच, एका पोराचे बारा पण तीन पोरांपर्यंतच, आणि ८५ झाले की घरी जायला पात्र. ऐंशीवर अडकलेल्या माणसाचं काय झालं असेल विचार करा. व्हिएतनाममध्ये साधारण वर्षाची ड्युटी, दिवस कॅलेंडरवर खोडत बसायचे, आणि संपली की एकटाच विमानात बसून दोन-तीन दिवसांत थेट आपल्या घरी, बोलायला सोबतचं कोणीच नाही. त्यांच्या मनाच्या त्रासाला पीटीएसडी म्हणून डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकात जागा मिळायला १९८० उजाडलं. तेव्हा आबांना विचारा, सुट्टीवर आल्यावर पहिल्या रात्री झोप लागली का. कोणाला मारलं का, हे मात्र कधीच विचारू नका, पोरांनाही विचारू देऊ नका. ते स्वतःहून तिकडे वळले तर ऐका, रडू आलं तर गप्प बसून राहा, पाणी द्या, त्यांनी बंद कर म्हटलं की बंद. जाताना घरातल्या कोणाला तरी सांगून जा की आज जुनं निघालंय, रात्री लक्ष ठेवा.

तारखा चुकतील, हवालदाराचं नाव बदलेल, मध्ये टोकू नका. वहीत लिहून ठेवा आणि नंतर डिस्चार्ज बुकाशी ताडून बघा.

मोबाईलचं थोडक्यात. एअरप्लेन मोड, बॅटरी फुल, फोन घडी केलेल्या टॉवेलवर आबांच्या जवळ, कॉलर माइक असला तर उत्तम. आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे कूलर, त्याच्या घरघरीत अर्धं बोलणं जातं, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा-सातलाच ओट्यावर बसा, दुपारी नको. सुरुवातीला तारीख, गावाचं नाव, दोघांची नावं, युनिट कोणतं एवढं बोलून घ्या. तासाभरात थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी, रात्रभरात त्यांना आणखी आठवतं.

रेकॉर्डिंगचं काय करणार हे आधीच सांगा आणि त्यांचा होकार पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. शहीद झालेल्या सोबत्याची गोष्ट असेल तर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती कुठेही टाकायची नाही, आणि चौकी, रस्ते, ठिकाणं असलं काही नेटवर नकोच. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर क्वालिटी जाते. एक कॉपी पेनड्राइव्हवर आबांच्या घरी, एक तुमच्याकडे, एक गूगल ड्राइव्हवर, फाइलच्या नावात गाव आणि तारीख. मग वेळ मिळेल तसं ऐकून लिहून काढा, अहिराणी असेल तर अहिराणीच लिहा, पुस्तकी मराठी करू नका.